सापाच्या स्नायूसाठी एटीपेस रंजनाचा तयार संच: घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

स्नायुतंतूंचे प्रकार रंगावरून ओळखण्यासाठी मायोसिन एटीपेसचे (स्नायू आखडवणारे मायोसिन प्रथिन एटीपी किती फोडते हे दाखवणारे) जे तयार संच मिळतात, ते सस्तन प्राण्यांच्या बायोप्सीसाठी बांधलेले असतात. खोक्यात सहसा तीन पूर्वप्रक्रिया बफर (रंजनाआधी काही प्रकारांचे मायोसिन निष्क्रिय करणारी द्रावणे) असतात: पीएच ४.३, ४.६ आणि १०.४. त्यांच्यासोबत एटीपीची पूड, कॅल्शियम क्लोराइड, कोबाल्ट क्लोराइड आणि एक रंगीत तक्ता येतो. काळा म्हणजे हा प्रकार, फिका म्हणजे तो, करडा म्हणजे मधला. अमोनियम सल्फाइड बहुधा वेगळे मागवावे लागते.

निकाल आधीच सांगतो. रसायने ठीक असतात. तक्ता सापासाठी निरुपयोगी असतो आणि बफरांचे ठरवून दिलेले पीएच सापाच्या मायोसिनला लागू पडतीलच असे नाही. सुटी रसायने घेऊन पीएचची मालिका स्वतः लावणे स्वस्त पडते आणि निकालही खात्रीचा मिळतो. संच आधीच घेतलेला असेल तर तो फेकू नका. त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे तो फसवतो, हे खाली तपशिलाने दिले आहे.

सापाच्या स्नायूत आहे काय, ते आधी पाहू. गार्टर सापाच्या पोटाच्या भिंतीतला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस हा स्नायू या कामासाठी फार सोयीचा आहे. तो एका तंतूच्या जाडीचा पापुद्रा असतो, प्रत्येक खंडात साधारण शंभर तंतू असतात, आणि डावी-उजवीकडे तोच स्नायू खंडाखंडाने पुन्हा येत राहतो. या शंभरांत तीन जाती सापडतात: जलद ट्विच, मंद ट्विच आणि टॉनिक. ट्विच तंतूवर एकच आटोपशीर एंडप्लेट (चेता आणि स्नायू यांचा जोड) असते. चेताप्रेरणा आली की क्रियाविभव सगळ्या तंतूभर पसरतो आणि तंतू एकदम झटका देतो. टॉनिक तंतूवर मात्र चेताग्रे द्राक्षाच्या घोसासारखी, लहान लहान आणि लांबीभर विखुरलेली असतात. तंतू स्थानिक विभवावर हळूहळू आखडतो आणि आखडलेला राहतो. त्याच्यात टी-नलिका (क्रियाविभव तंतूच्या आत नेणाऱ्या) आणि सार्कोप्लाज्मिक जाळे (कॅल्शियमचा साठा) विरळ असते. अशा तंतूला सस्तन प्राण्यांच्या हातापायांच्या स्नायूत जोडीदारच नाही. तिथे असे तंतू डोळ्यांच्या स्नायूंसारख्या मोजक्या जागी आढळतात. त्यामुळे संचाच्या तक्त्यात टॉनिकचा रकानाच नसतो. तो तंतू ‘मंद’ किंवा ‘मधला’ म्हणून मोजला जातो आणि सापाचा स्नायू कागदावर उंदराच्या स्नायूसारखा दिसू लागतो.

दुसऱ्या टोकाला रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा हलवणारा स्नायू. शरीर उबदार असताना तो सेकंदाला ९० वेळांच्या आसपास आकुंचन पावतो, आणि तेही तासन्‌तास न थकता. त्याच्या तंतूत आकुंचन करणारे मायोफायब्रिल जेमतेम एक तृतीयांश आकारमान व्यापतात. मायटोकॉन्ड्रिया साधारण एक चतुर्थांश, सार्कोप्लाज्मिक जाळे आणखी एक चतुर्थांश, आणि उरलेल्यात ग्लायकोजेनचा मोठा वाटा. कॅल्शियम झटपट सोडणे आणि त्याहून झटपट परत ओढून घेणे हेच इथले मुख्य काम, म्हणून जाळे एवढे वाढलेले. दर आकुंचनाला जोर कमी लागतो, म्हणून मायोफायब्रिल कमी असून चालतात. ‘जलद म्हणजे लवकर थकणारा’ हे समीकरण इथे लागू पडत नाही. त्या समीकरणावर उभा असलेला तक्ताही मग लागू पडत नाही.

रंग बिघडण्याची अर्धी कारणे संचाच्या बाहेर, गोठवण्यात असतात. आयसोपेंटेन द्रव नायट्रोजनमध्ये धरून ढवळत राहा. तळाशी पांढरे घट्ट खडे दिसू लागले की ते वापरण्याजोगे झाले. त्याचा गोठणबिंदू उणे १६० अंशांच्या आसपास आहे. स्नायूचा तुकडा ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा असावा, गोठवण-माध्यमात तंतू उभे राहतील असा बुचाच्या चकतीवर बसवावा आणि १० ते २० सेकंद बुडवावा. तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकू नका. भोवती वायूचे कवच तयार होते, गोठणे मंदावते आणि तंतूंत बर्फाच्या स्फटिकांची भोके पडतात. अशा भोकांच्या तंतूची घनता मोजली तर ती फिकी येते आणि ‘कमी क्रियाशील’ अशी चुकीची नोंद होते. काप १० मायक्रॉनचे, क्रायोस्टॅट (गोठलेला तुकडा कापण्याचे यंत्र) उणे २० ते उणे २२ अंशांवर.

तुकडा कुठून घेतला ही नोंद सापाच्या बाबतीत तर सोडूच नये. पाठीचे तीन मोठे स्नायू (सेमिस्पायनॅलिस-स्पायनॅलिस, लाँगिसिमस डॉर्साय आणि इलिओकोस्टॅलिस) खंडाखंडाचे असले तरी त्यांचे कंडरे अनेक मणक्यांवरून लांब जातात, आणि तंतू तिरके असतात. शरीराचा सरळ आडवा काप घेतला तर एकाच स्नायूचे लागोपाठचे कितीतरी खंड वेगवेगळ्या कोनांत कापले जातात. तिरका कापलेला तंतू मोठा आणि अधिक गडद वाटतो. म्हणून स्नायू सुटा करून, त्याच्या तंतूंना काटकोन साधूनच काप घ्यावा. थूथनापासून गुदद्वारापर्यंतच्या लांबीचा कितवा भाग, कोणत्या मणक्याजवळ, पृष्ठभागाकडचा की हाडालगतचा, हे सगळे लेबलवर हवे. सापात मणके शंभराच्या वरून थेट चारशेपर्यंत असू शकतात. ‘मधल्या भागातून’ एवढ्या नोंदीने दुसऱ्याला तीच जागा सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष एटीपेस. अल्कली पूर्वप्रक्रियेचा बफर बहुधा २-अमिनो-२-मिथिल-१-प्रोपेनॉलचा असतो. त्याचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला साधारण ०.०३. संचाच्या बाटलीवर १०.४ लिहिलेले असते. तो आकडा कोणत्या तापमानाला मोजला, हे लिहिलेले असतेच असे नाही. २२ अंशांवर १०.४ ला लावलेला बफर ३७ अंशांच्या पाणकुंडात ठेवला तर तो ९.९५ च्या आसपास येतो. तेवढ्या पीएचवर जे मायोसिन निष्क्रिय व्हायला हवे ते होत नाही, सगळे तंतू काळे येतात आणि ‘हा स्नायू एकजिनसी आहे’ असा निष्कर्ष निघतो. हा दोष फार सर्रास दिसतो. उपाय साधा आहे: पीएच-मापक ज्या तापमानाला पूर्वप्रक्रिया करायची त्याच तापमानाला कॅलिब्रेट करा आणि बफर त्याच तापमानाला जुळवा. नाहीतर पूर्वप्रक्रिया खोलीच्या तापमानालाच करा आणि तसे लिहून ठेवा.

आम्ल पूर्वप्रक्रियेला पारंपरिक बफर बार्बिटल-अ‍ॅसिटेटचा. बार्बिटलसाठी अनेक ठिकाणी परवाना लागतो, आणि त्याची इथे गरजही नाही. ०.१ मोलर अ‍ॅसिटेट पुरतो. त्याचा पीएच तापमानाने फारसा हलत नाही. संचातल्या बाटल्यांपैकी आम्लाच्या दोन बाटल्या म्हणूनच जास्त विश्वासार्ह असतात. पण ४.३ आणि ४.६ या दोनच पायऱ्या सापाला पुरत नाहीत.

मालिका अशी लावा. आम्लाकडे ४.२ ते ४.८, प्रत्येक पायरी ०.१ ची, खोलीच्या तापमानाला ५ मिनिटे: सात काचपट्ट्या. अल्कलीकडे ९.८ ते १०.६, पायरी ०.२ ची, १५ मिनिटे: पाच काचपट्ट्या. शिवाय पूर्वप्रक्रिया न केलेली एक. एकूण तेरा. प्रत्येक काचपट्टीवर सापाच्या कापाशेजारी उंदराच्या सोलियस (मंद) आणि ईडीएल (जलद) या पायाच्या दोन स्नायूंचा काप चिकटवा. उंदराचा नमुना ओळखीचा आहे. तो जसा यायला हवा तसा आला आणि साप सपाट एकरंगी आला, तर रसायने ठीक आहेत आणि फक्त सापाचा पीएच-उंबरठा वेगळा आहे. दोन्ही बिघडले तर दोष हाताळणीत शोधा. हा शेजारचा काप नसेल तर नेमके काय बिघडले हे कधीच कळत नाही.

आम्ल पायरीत सेकंदांनाही किंमत आहे. आम्लाच्या सात काचपट्ट्या एकेक करून हाताने बुडवल्या तर पहिली आणि शेवटची यांत मिनिटाचा फरक पडतो. स्टँडमध्ये सगळ्या एकदम बुडवा, एकदम काढा.

उष्मायनाचे द्रावण १०० मिलिलिटरचे करायचे तर एटीपीचे डायसोडियम लवण १७० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३ मिलिमोलर, आणि कॅल्शियम क्लोराइड १८ मिलिमोलर. इथे एक साधा सापळा आहे. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असेल तर २६५ मिलिग्रॅम लागते, निर्जल असेल तर २०० मिलिग्रॅम. बाटलीवरचे लेबल न वाचता वजन केले की एक तृतीयांशाची चूक होते. दुसरा सापळा त्याहून मोठा: एटीपी आम्लधर्मी आहे. ते विरघळले की पीएच ९.४ वरून चांगलाच खाली येतो. म्हणून एटीपी टाकल्यानंतर पीएच पुन्हा ९.४ ला आणावा लागतो. अनेक संचांच्या माहितीपत्रकांत हे वाक्यच नसते. पूड ‘थेट बाटलीत टाका आणि हलवा’ एवढेच असते. बाटलीतला बफर पुरेसा ताकदवान नसेल तर सगळ्या काचपट्ट्या फिक्या येतात. उष्मायन ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटे. साप थंड रक्ताचा म्हणून हे तापमान कमी करण्याची घाई नको. बहुतेक सापांसाठी आधी ३० मिनिटे बघावे आणि रंग कमी पडला तर वेळ वाढवावी. मात्र एकदा ठरवलेली वेळ सगळ्या प्राण्यांना सारखीच ठेवावी.

पुढचे टप्पे संचाप्रमाणेच: १ टक्का कॅल्शियम क्लोराइडच्या तीन धुण्या, प्रत्येकी ३ मिनिटे. मग २ टक्के कोबाल्ट क्लोराइड ३ मिनिटे, ऊर्ध्वपातित पाण्याच्या चार-पाच धुण्या आणि १ टक्का ताजे अमोनियम सल्फाइड अर्धा ते एक मिनिट. एटीपी फुटून सुटलेला फॉस्फेट कॅल्शियमशी बांधला जातो, कॅल्शियमची जागा कोबाल्ट घेतो, आणि सल्फाइडने काळा कोबाल्ट सल्फाइड बनतो. ही साखळी लक्षात असली की चुका आपोआप कळतात. मधे कुठेही फॉस्फेट बफरने धुतले तर कॅल्शियम फॉस्फेटचा ढग सगळ्या कापावर बसतो. हात सवयीने फॉस्फेट-सलाइनच्या बाटलीकडे जातो, म्हणून ती बाटली त्या दिवशी टेबलावरून काढूनच ठेवा. कोबाल्टनंतरच्या धुण्या कमी पडल्या तर तंतूंच्या मधल्या जागाही काळपट येतात. पार्श्वभूमी काळी आणि तंतूंमधला फरक पुसट, असे दिसले की पहिला संशय इथे घ्यावा.

या पायरीपर्यंत संचाला आम्ही दहापैकी पाच देऊ. रसायनांची शुद्धता चांगली असते आणि वजन करण्याचा वेळ वाचतो. पण सापासाठी लागणाऱ्या तेरा पायऱ्यांपैकी तीनच त्यात असतात.

खुळखुळ्याच्या स्नायूवर आणखी एक अडचण. एटीपी फोडणारे एन्झाइम फक्त मायोसिन नाही. सार्कोप्लाज्मिक जाळ्यातला कॅल्शियम-पंप आणि मायटोकॉन्ड्रियातले एन्झाइम हेही एटीपी फोडतात. साध्या स्नायूत त्यांचा वाटा नगण्य म्हणून चालून जातो. इथे दोन्ही मिळून तंतूचा निम्मा भाग आहे. पूर्वप्रक्रिया न केलेल्या काचपट्टीवरचा गडद रंग ‘मायोसिन अतिजलद’ असा वाचू नये. आम्ल आणि अल्कली पूर्वप्रक्रियेनंतर उरलेला रंगच मायोसिनच्या खात्यावर टाकावा, आणि त्याच सापाच्या पाठीच्या स्नायूचा काप त्याच काचपट्टीवर ठेवावा. खुळखुळ्याची तुलना दुसऱ्या प्राण्याशी करण्यापेक्षा त्याच अंगातल्या हळू स्नायूशी केलेली बरी. त्यात तापमान, आहार, वय, गोठवण हे सगळे आपोआप सारखे राहते.

ऑक्सिडीकरणाची क्षमता पाहण्यासाठी बरेच संच एनएडीएच-टीआर हे रंजन देतात. सापासाठी ते घेऊ नका. हे रंजन मायटोकॉन्ड्रियाबरोबर सार्कोप्लाज्मिक जाळेही रंगवते. ज्या तंतूत जाळेच एक चतुर्थांश आहे तिथे त्याचा अर्थ लावताच येत नाही. त्याऐवजी सक्सिनेट डिहायड्रोजनेज वापरा, ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावरच असते. १०० मिलिलिटरला सोडियम सक्सिनेट हेक्साहायड्रेट १.३५ ग्रॅम म्हणजे ५० मिलिमोलर, नायट्रोब्लू टेट्राझोलियम १०० मिलिग्रॅम, ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४ ते ७.६. प्रमाणबद्ध मोजमाप करायचे असेल तर १ मिलिमोलर सोडियम अ‍ॅझाइड आणि किंचित फेनाझिन मेथोसल्फेट घाला. अ‍ॅझाइडमुळे इलेक्ट्रॉन सायटोक्रोम ऑक्सिडेजकडे निसटत नाहीत. फेनाझिन प्रकाशाने खराब होते, म्हणून द्रावण अंधारात करा आणि लगेच वापरा. शेजारी सक्सिनेट न घातलेली एक काचपट्टी हवीच. तिच्यावर निळा रंग आला तर तो या एन्झाइमचा नाही, इतकाच त्याचा अर्थ.

५, १०, २०, ३० मिनिटांच्या काचपट्ट्या काढून रंग सरळ रेषेत वाढतो का ते बघा. खुळखुळ्याचा स्नायू दहाव्या मिनिटाला भरून जातो आणि पाठीचा विसाव्या मिनिटालाही फिका असतो, असे होऊ शकते. दोघांनाही ४५ मिनिटे दिली तर दोन्ही गडद येतील आणि फरक नाहीसा होईल.

ग्लायकोजेनसाठी पीएएस रंजन करायचे तर गोठलेला काप थेट पाण्यात नेऊ नका. ग्लायकोजेन विरघळून जाते आणि ज्या तंतूत ते सर्वात जास्त होते तोच सर्वात जास्त फिका पडतो. काप आधी कार्नॉय द्रावणात किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये पक्का करा. जोडीला अमायलेज दिलेली काचपट्टी ठेवा. तिच्यावर गुलाबी रंग उरला तर तो ग्लायकोजेनचा नाही.

मायोसिनचा प्रकार ओळखणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल थोडक्यात. आयोवा विद्यापीठातली डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँक ही १९८६ मध्ये सुरू झालेली ना-नफा पेढी मायोसिनचे बरेच एकस्रोत प्रतिपिंड कमी किमतीत देते. एमएफ-२० सगळ्या सार्कोमेरिक मायोसिनला ओळखतो. त्याचा उपयोग ‘काप आणि पद्धत चालते आहे’ हे दाखवण्यापुरता. बीए-डी५, एससी-७१ आणि बीएफ-एफ३ हे त्रिकूट सस्तन प्राण्यांसाठी बनवलेले आहे. सापात त्यांतल्या एखाद्याने काही तंतू रंगवले म्हणून ते तंतू ‘दोन-अ’ (सस्तन प्राण्यांतला एक जलद प्रकार) ठरत नाहीत. प्रतिपिंडाला ओळखीचा एक लहान तुकडा मिळाला, एवढेच सिद्ध होते. एस-५८ कोंबडीच्या मंद मायोसिनवर चालतो, म्हणून सरपटणाऱ्यांसाठी आधी तो आजमावण्यात अर्थ आहे. पण तो आयजीए वर्गाचा आहे आणि बीएफ-एफ३ आयजीएम वर्गाचा. दुय्यम प्रतिपिंड फक्त आयजीजीच्या गॅमा साखळीला पकडणारा घेतला तर काचपट्टी कोरी राहते आणि दोष सापावर जातो. प्रत्येक प्राथमिकाच्या वर्गाला जुळणारा दुय्यम घ्या, आणि प्राथमिक न लावलेली एक काचपट्टी प्रत्येक खेपेला ठेवा.

प्रतिपिंडाने दिलेला निकाल जेलवर, म्हणजे प्रथिने विजेने वेगळी करून, तपासल्याशिवाय मान्य करू नये. मायोसिनच्या जड साखळ्या वजनाने जवळजवळ सारख्या असतात, २०० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणून साध्या जेलवर त्या एकच पट्टा देतात. टॅलमॅज आणि रॉय यांनी १९९३ मध्ये मांडलेली कृती इथे बसते: ८ टक्के अ‍ॅक्रिलामाइड, ३० टक्के ग्लिसरॉल, थंड जागेत ७० व्होल्टवर सुमारे २४ तास. ग्लिसरॉल कमी पडले किंवा जेल तापली तर पट्टे एकमेकांत मिसळतात. उंदराच्या पट्ट्यांचा क्रम सापावर लावू नका. पट्टे किती, एवढेच आधी मोजा, आणि मग एकेक तंतू सुटा करून त्याचा पट्टा कोणता ते बघा.

आता ज्या एका वस्तूवर सर्वात जास्त पैसा फुकट जातो तिच्याबद्दल. एंडप्लेट दाखवण्यासाठी फ्लुरोसंट रंग जोडलेले अल्फा-बुंगारोटॉक्सिन घेतात. हे बंगारस मल्टिसिंक्टस या मण्यारीच्या विषातले ७४ अमिनो आम्लांचे प्रथिन, १९६३ मध्ये चँग आणि ली यांनी वेगळे केलेले. बेडूक, उंदीर, कोंबडी यांच्या अ‍ॅसिटिलकोलिन ग्राहकांना ते इतके घट्ट चिकटते की चेता-स्नायू जोडांच्या अभ्यासात ते हक्काचे झाले आहे. सापाच्या ग्राहकांना ते चिकटत नाही. नागाच्या ग्राहकाच्या अल्फा उपघटकात १८९ व्या जागी अ‍ॅस्परॅजिन असते आणि त्याला साखरेची साखळी लागलेली असते. विष बसायची जागाच त्यामुळे अडते. हे फक्त विषारी सापांपुरते नाही. नॅट्रिक्स टेसेलाटा या बिनविषारी पाणसापाचे ग्राहकही हे विष बांधत नाहीत, आणि गार्टर सापाच्या चेता-स्नायू जोडावर ते परिणाम करत नाही हे १९७५ पासून माहीत आहे. तरीही हे द्रव्य ‘सर्व पृष्ठवंशीयांसाठी’ अशा शिफारशीने मागवले जाते. काप काळा दिसतो, मग मात्रा दुप्पट होते, मग डिटर्जंट वाढवले जाते, मग नवी बाटली येते. सापासाठी हे मागवूच नका. खात्री करायची असेल तर उंदराच्या डायफ्रॅमचा तुकडा शेजारी ठेवा. तो चमकेल, साप चमकणार नाही.

त्याऐवजी अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजचे रंजन घ्या, कार्नोव्हस्की आणि रूट्स यांची १९६४ ची कृती. टॉनिक आणि ट्विच वेगळे करण्यासाठी याहून स्वस्त आणि खात्रीचे काही नाही. ५ मिलिग्रॅम अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड ६.५ मिलिलिटर ०.१ मोलर मॅलिएट बफरमध्ये (पीएच ६.०) विरघळवा. मग ढवळत ढवळत याच क्रमाने घाला: ०.१ मोलर सोडियम सायट्रेट ०.५ मिलिलिटर, ३० मिलिमोलर कॉपर सल्फेट १ मिलिलिटर, पाणी १ मिलिलिटर, ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड १ मिलिलिटर. दहा मिलिलिटर निवळ हिरवट द्रावण झाले पाहिजे. सायट्रेटच्या आधी तांबे टाकले तर ते गढूळ होते आणि सगळीकडे तपकिरी कण बसतात. ते ओतून द्या, गाळून वापरू नका.

ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस अखंड पापुद्र्याच्या रूपात सिलिकॉनच्या तळाच्या बशीत किंचित ताणून, बारीक टाचण्यांनी लावा. पातळ पॅराफॉर्माल्डिहाइडने १५ ते २० मिनिटे पक्के करा, नीट धुवा आणि रंजनात टाका. दर पाच मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा. ट्विच तंतूवर मध्याच्या आसपास एकच गच्च तपकिरी ठिपका येतो. टॉनिकवर बारीक ठिपक्यांची रांग लांबीभर दिसते. ती रांग उशिरा उमटते, म्हणून मोठे ठिपके दिसले की लगेच काढून घेण्याचा मोह टाळा, नाहीतर टॉनिक तंतू ‘चेताविरहित’ म्हणून गाळले जातात.

इथे या स्नायूची खंडशः पुनरावृत्ती कामी येते. एका खंडाची डावी बाजू कोलिनेस्टरेजला द्या, उजवी बाजू एटीपेस आणि सक्सिनेट डिहायड्रोजनेजला. तीन जातींचे प्रमाण दोन्ही बाजूंना जुळले पाहिजे. एटीपेसने दोनच जाती दाखवल्या आणि चेताग्रांनी तीन, तर चेताग्रांचे ऐका आणि पीएच मालिकेत अर्धी पायरी आणखी घ्या. गाठ कुठेतरी दोन पायऱ्यांच्या मधे असते.

जिवंत स्नायूवर चेताग्रे पाहायची असतील तर ४-डाय-२-एएसपी किंवा एफएम१-४३ हे रंग सापात चांगले चालतात. एफएम१-४३ चेताग्रात शिरायला चेतेला उद्दीपन लागते, आणि उद्दीपनाने स्नायू आखडून पापुद्रा हलतो. स्नायू स्तब्ध करायला बुंगारोटॉक्सिन इथेही निरुपयोगी. क्युरारे वापरा, सापाचे ग्राहक त्याने अडतात.

मोजणी डोळ्यांनी करू नका. प्रत्येक तंतूची राखाडी घनता आणि छेदाचे क्षेत्रफळ मोजा, एटीपेसची घनता एका अक्षावर आणि सक्सिनेट डिहायड्रोजनेजची दुसऱ्यावर मांडा. पुंजके आपोआप पडले तर त्यांना नावे द्या. न पडले तर पट्टा सलग आहे असे लिहा. सलग पट्ट्याला बळेच तीन तुकडे करणे ही चूक तक्त्यातूनच येते. दिव्याचा प्रकाश, कॅमेऱ्याची उघडझाप आणि कोऱ्या काचेची प्रतिमा प्रत्येक सत्रात सारखी ठेवा.

खरेदीची यादी मग अशी होते: एटीपीचे डायसोडियम लवण १ ग्रॅम (उणे २० अंशांवर, ओल न लागता), कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, २-अमिनो-२-मिथिल-१-प्रोपेनॉल, सोडियम अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसेटिक आम्ल, कोबाल्ट क्लोराइड, अमोनियम सल्फाइडची सर्वात लहान बाटली, सोडियम सक्सिनेट, नायट्रोब्लू टेट्राझोलियम, अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड. प्रतिपिंडांत आधी फक्त एमएफ-२० आणि एस-५८. तयार संच त्यांनाच परवडतो ज्यांच्याकडे उंदीर-माणसाचे नमुने रोज येतात आणि साप अधूनमधून.

अमोनियम सल्फाइड बाटली उघडल्यापासून उतरणीला लागते. दरवेळी ताजे १ टक्का करा, उरलेले ठेवू नका. काम फ्यूम हूडखालीच. आम्ल पूर्वप्रक्रियेचे बफर आणि सल्फाइड एकाच टाकाऊ बाटलीत ओतले तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. अ‍ॅझाइड आम्लात गेले तर त्याहून वाईट वायू निघतो. म्हणून कोबाल्ट, सल्फाइड आणि अ‍ॅझाइड यांच्या तीन वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटल्या पहिला काप घेण्याआधीच मांडून ठेवा.